दीड पैशाची आमराई

१९८४ सालच्या मार्च महिन्यात मी अण्णाकाकांना फुलस्केप कागदावर एक हिशेब मांडून दिला होता. कागदाच्या डाव्या बाजूला देपालपूर रस्त्यावरच्या आमच्या शेतातली एकतीस देशी आंब्यांची झाडे होती आणि उजव्या बाजूला, ती जागा मोकळी केली तर तिच्यात निघू शकणारे सोयाबीन आणि गहू होते. इंदूरच्या एका बँकेत शेतीकर्जाच्या विभागात मला तेव्हा सहा वर्षे झाली होती, घरातली नोकरी करणारी मी पहिली मुलगी असल्यामुळे माझ्या आकड्यांना घरात मान होता, आणि हिशेबात चूक नव्हती. उजवी बाजू जड भरली. मृग लागायच्या आत आमराई गेली.

हे आज सांगायचे कारण असे की निवृत्तीनंतर मला देशाच्या जमीनवापराचे जुने-नवे तक्ते वाचत बसण्याचा नाद लागला आहे. इतर बायका पंचांग पाहतात तशी ही तक्ते पाहते, असे आमच्या घरात म्हणतात. त्या तक्त्यांत ‘स्थायी पिकांखालील जमीन’ असा एक रकाना असतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना १९६१ पासूनचे देशोदेशींचे हे आकडे ठेवते, आणि त्यांत भारताचा आकडा चढत गेलेला दिसतो: साठच्या दशकात देशाच्या भूभागाच्या दोन टक्क्यांच्या आसपास असलेली ही जमीन अलीकडे चार टक्क्यांच्या थोडी पुढे गेली आहे. चार टक्के ऐकायला काहीच नाहीत, पण आपल्यासारख्या देशात ते सुमारे सव्वा कोटी हेक्टर भरतात. जगाचा आकडाही याच काळात जवळजवळ दुप्पट झाला आणि त्यात इंडोनेशिया व मलेशियातल्या तेलताडाचा वाटा मोठा आहे. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते खरेच वाटेना. माझ्या डोळ्यांदेखत माळव्यातल्या आमराया एकामागून एक गेल्या होत्या, त्यांतली एक तर माझ्याच कागदाने गेली होती, आणि इथे वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या पिकांची जमीन दुप्पट झाली असे लिहिलेले होते.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, हे उमगायला मला बराच वेळ लागला.

स्थायी पिकाची व्याख्या ऐकायला साधी आहे. जे एकदा लावले की पुढे काही वर्षे जागा धरून राहते आणि प्रत्येक काढणीनंतर ज्याची पुन्हा लागवड करावी लागत नाही, ते स्थायी पीक. नारळ, चहा, कॉफी, रबर, आंबा, संत्री, काजू, द्राक्षाचे वेल हे सगळे त्यात येते. गुलाब-मोगऱ्यासारखी फुलझाडेही येतात. लाकडासाठी लावलेला साग किंवा निलगिरी मात्र येत नाही. केळी येते. बुऱ्हाणपूरकडच्या केळीच्या बागा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक असेल की ती केळ दोन-तीन वर्षांत मोडून शेत पुन्हा नांगराखाली जाते, तरीही ती स्थायी. आणि एखाद्याच्या बांधावर शंभर वर्षे उभे असलेले चिंचेचे एकटे झाड कुठल्याच रकान्यात नाही, कारण तक्ता जमीन मोजतो आणि एकटे झाड म्हणजे जमीन नव्हे. या शब्दाचा काळाशी संबंध आपण समजतो तितका नाहीच. पुन्हा पेरावे लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आपल्या सरकारी दफ्तराची रीत आणखी निराळी. १९५० च्या सुमारास आपल्याकडे जमिनीच्या वापराचे नऊ वर्ग ठरले, जंगल, बिगरशेती, नापीक, कुरणे, पडीत वगैरे, आणि त्यांत ‘निव्वळ पेरणी क्षेत्रात न धरलेली विविध वृक्षपिके व राया’ असा एक लांबलचक नावाचा वर्ग आहे. ओळीने लावलेली फळबाग असेल तर ती निव्वळ पेरणी क्षेत्रात, म्हणजे गहू-ज्वारीच्या पंक्तीत जाऊन बसते. बांबूची बेटे, सरपणाची झाडी, छपराचे गवत, सुरूची लागवड आणि तशाच इतर राया यांच्यासाठी हा वेगळा वर्ग. १९५०-५१ साली या वर्गात जवळपास १ कोटी ९८ लाख हेक्टर जमीन होती आणि १९६०-६१ साली ती ४५ लाखांवर आलेली दिसते. दहा वर्षांत दीड कोटी हेक्टरांवरची झाडे तोडायला एवढ्या कुऱ्हाडी आल्या कुठून, असा प्रश्न मला पडला होता. पण त्याच तक्त्यात, त्याच दहा वर्षांत, जंगलाखालचे क्षेत्र सुमारे ४ कोटी ५ लाखांवरून ५ कोटी ४० लाख हेक्टरांवर गेलेले आहे आणि कुरणे दुपटीहून अधिक झालेली आहेत; तेव्हा यातली बरीचशी जमीन कुऱ्हाडीने नव्हे, टाकाने इकडची तिकडे झाली हे उघड आहे. त्यानंतरची घट मात्र हळूहळू होत गेलेली आणि म्हणूनच मला अधिक खरी वाटणारी आहे. २०१० च्या सुमारास या वर्गात ३२ लाख हेक्टरांच्या आसपास जमीन उरली होती.

म्हणजे रायांचा रकाना उतरत गेला आणि स्थायी पिकांचा चढत गेला. एकात वारशाने आलेली झाडे आहेत, दुसऱ्यात हिशेब करून लावलेली. हे वाक्य मी सोयीसाठी जरा ठोकळेबाज केले आहे, कारण नारळाच्या कित्येक बागा वारशानेच आलेल्या असतात. पण माळव्यापुरते ते बऱ्यापैकी लागू पडते.

आमच्या खसऱ्यात, म्हणजे शेताच्या सरकारी नोंदवहीत, शेऱ्याच्या रकान्यात ‘आम ३१’ असे लिहिलेले असे. झाडे तुटल्यावरही पुढची पाच-सहा वर्षे ते तसेच राहिले, कारण पटवाऱ्याला, म्हणजे तलाठ्याला, कोणी सांगितले नाही आणि गिरदावरीच्या, म्हणजे पीकपाहणीच्या, वेळी आंबे मोजायला तो शेतात उतरला नाही. देशाचा तक्ता शेवटी अशाच कागदांची बेरीज असतो, म्हणून दशांशचिन्हापुढच्या आकड्यांत मी फारसा जीव घालत नाही. आकडा कुठल्या दिशेने चालला आहे, तेवढे मात्र पाहते.

शब्दांचेही असेच इकडचे तिकडे होते. मराठीत शेतजमिनीचे जिरायत आणि बागायत असे दोन भाग पडतात, आणि बागायत हा शब्द बागेवरून आला असला तरी आज बागायतदार म्हटले की ऊस, कांदा, पाटाचे पाणी डोळ्यांपुढे येते. शब्दात पाणी उरले आणि झाड गळून गेले. इंदुरात उलटे झाले आहे. इथे पाणी कुठे गेले ते महानगरपालिकेला विचारावे, पण बागा नावांत शाबूत आहेत. मी रामबागेत वाढले, शाळेतल्या मैत्रिणी छत्रीबाग आणि बक्षीबागेतल्या, लग्न होऊन आले ती केसरबाग रस्त्यावर. माणिकबाग आणि लालबाग तर राजवाडेच आहेत. चिंचा नसलेला इमलीबाजार आहे, पळसावरून नाव पडलेले पलासिया आहे, आणि नवलखा आहे, जिथे होळकरांच्या काळी नऊ लाख झाडे होती असे प्रत्येक रिक्षावाला सांगतो. माझा त्या नऊ लाखांवर विश्वास नाही. हेक्टरी शंभर झाडे धरली तर नऊ लाख झाडांना नऊ हजार हेक्टर लागतील, आणि तेवढे तर त्या काळचे अख्खे इंदूर नव्हते. तरी त्या जागी कधीतरी मोजदाद सोडून द्यावी इतकी झाडे असतील, असे समजायला हरकत नाही.

आमची आमराई कोणी लावली हे घरात कोणालाच नीट सांगता येत नव्हते. पणजोबा होळकर दरबारच्या महसूल खात्यात कारकून होते. त्यांनी शेत घेतले तेव्हा निम्मी झाडे आधीपासून उभी होती आणि उरलेली त्यांनी किंवा आजोबांनी लावली असावीत. सगळी कोयीची होती. कोयीचे झाड आईच्या चवीला धरून चालत नाही, त्यामुळे एकतीस झाडांच्या एकतीस चवी होत्या आणि प्रत्येकाला नाव होते. तांबूस गालांचा शेंदऱ्या होता, घट्ट गराचा खोबऱ्या होता, ज्याच्या आंब्याला शेपूचा वास येई तो शेप्या होता, लहान फळांचा गोट्या होता. एकाचे नाव अण्णाकाकांनी वकील ठेवले होते, कारण त्याचा आंबा दिसायला फार देखणा असे आणि कापल्यावर दात आंबत. एक वर्ष सोडून बहर येई. बहराच्या वर्षी इंदूरच्या मंडीतला व्यापारी मोहोर पाहूनच मक्ता ठरवून जाई, मग त्याचा राखणदार चैत्रापासून खाटेसह आमराईत मुक्कामाला येई, आणि आम्हा मुलांचे व त्याचे वैर सुरू होई. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या गावाच्या, अशी रीत होती. त्यांच्या फोडी घरोघर छपरांवर वाळत पडत आणि अमचूर होई. पिकायला घातलेल्या आंब्यांच्या आढ्या मागच्या खोलीत असत. तो वास भाद्रपदापर्यंत भिंतींना येई, असे आई म्हणे. लग्नसराईत गावातल्या निम्म्या जानवशांची सोय त्याच सावलीत होई.

हे सगळे गोड वाटते, म्हणून दुसरी बाजूही सांगते. फळात दोरा फार असे, चांगल्या बहरातही बराच आंबा किडका निघे, आणि मक्त्याचे पैसे इतके थोडे येत की अण्णाकाका ते बैलांच्या पेंडीच्या खात्यावर टाकत. आमराईखाली दुसरे काही पिकत नव्हते. चांगल्या काळ्या जमिनीचे जवळजवळ चार बिघे त्या झाडांनी अडवले होते.

आणखी एक गोष्ट होती, जी माझ्या कागदात नीट बसली नाही. खोबऱ्या आमच्या जमिनीत असून आमचा नव्हता. आमच्या जुन्या हाळीच्या, म्हणजे सालगड्याच्या, आजोबांनी तो लावला होता आणि त्याची फळे त्यांच्याकडे जात. जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचे, ही गोष्ट त्या काळी कोणाला विचित्र वाटत नसे. मी कागदावर एकतीस लिहिले, अण्णाकाकांनी चष्मा कपाळावर ढकलून म्हटले, “तीस लिही बेटा,” आणि मी खसरा दाखवून म्हटले की सरकारदरबारी एकतीसच आहेत. आकडा एकतीस राहिला. खोबऱ्याच्या लाकडाचे पैसे त्या कुटुंबाला मिळाले, पण झाड विकायचे आहे का, असे त्यांना कोणी विचारले नव्हते.

आता हिशेब. लांब मुदतीच्या कर्जाचा प्रस्ताव तपासताना पुढच्या वर्षांत येणारे उत्पन्न आजच्या किमतीत आणून पाहावे लागते, आणि आम्ही बँकेत त्यासाठी पंधरा टक्क्यांचा दर धरत असू. या दराने दहा वर्षांनी हाती येणारा रुपया आज पंचवीस पैशांचा ठरतो, वीस वर्षांनी येणारा सहा पैशांचा आणि तीस वर्षांनी येणारा दीड पैशाचा. पन्नास वर्षांनंतरचा रुपया पैशाच्या दहाव्या हिश्श्यावर येतो. ज्या झाडाला आणखी साठ-सत्तर वर्षे फळ धरणार होते, त्याची पहिली दहा-बारा वर्षेच काय ती कागदावर दिसत होती. पुढचे सगळे आयुष्य मिळून एका पोत्याच्या किमतीचे नव्हते. उलट, झाडांचे लाकूड आज विकले तर त्याचा रुपया पूर्ण सोळा आण्यांचा होता. ते लाकूड पेट्या करणाऱ्यांनी नेले, आणि पुढची दोन वर्षे मंडीतल्या टोमॅटोच्या प्रत्येक पेटीकडे बोट दाखवून अण्णाकाका हा शेंदऱ्या, हा वकील, असे म्हणत. ते विनोद करीत होते की नाही, हे मला तेव्हा कळत नसे.

मला त्या दराबद्दल आजही तक्रार नाही. बँकेने पैसा ठेवीदारांकडून घेतलेला असतो आणि ठेवीदाराला सत्तर वर्षे थांब म्हणता येत नाही. फक्त एवढे लक्षात आले की या दराने कोणीही शहाणा माणूस कोयीची आमराई लावणार नाही, कारण पहिली आठ-दहा वर्षे तिला काहीच येत नाही आणि जेव्हा भरभरून येऊ लागते तेव्हाचा रुपया पैशांवर उतरलेला असतो. ज्यांनी लावल्या त्यांनी हा दर ऐकला नव्हता. झाड नातवासाठी लावावे असे आपल्याकडे म्हणतात. ते पुण्याचे काम म्हणून सांगितले जाते, पण मला तो एक व्याजदर वाटतो, शून्य टक्क्यांचा.

सोयाबीनने माझा कागद पुढे बरीच वर्षे खरा ठरवला, हे मान्य केले पाहिजे. माळव्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात शेत पडीक ठेवायचे आणि साठलेल्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा, अशी जुनी पद्धत मोठ्या भागावर होती. त्या पडीक पावसाळ्यात शंभर दिवसांत रोख पैसे देणारे पीक मिळाले. १९७०-७१ साली देशभरात सोयाबीनखाली तीस-बत्तीस हजार हेक्टर जमीन होती. आज ती एक कोटी हेक्टरांच्या वर आहे आणि तिचा निम्म्याच्या आसपास भाग मध्य प्रदेशात आहे. १९८७ साली सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदुरात आले. ट्रॅक्टरला वळायला मोकळे शेत लागते आणि सोयाबीनला सावली चालत नाही. एवढ्या दोन कारणांनी मधोमध उभे असलेले प्रत्येक झाड अडचण झाले. याच इंदुरात १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी होळकर दरबाराने दिलेल्या तीनशे एकरांवर पीकसंशोधनाची संस्था उभी केली होती आणि कंपोस्टची इंदूर पद्धत जगभर नेली. त्याआधी बिहारमध्ये पूसाला असताना फळझाडांच्या मुळांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. त्या संस्थेच्या जागी आज असलेल्या कृषी महाविद्यालयाच्या आवारातून मी अनेकदा चालत गेले आहे, पण आमराईच्या मुळांखाली काय असते, हा प्रश्न १९८४ साली मला पडला नव्हता. पुढे कूपनलिकांचे पाणी दरवर्षी खोल गेले, सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, भाव पडले. पण त्याचा दोष आमराई गेल्यावर टाकणे हा भाबडेपणा होईल; एकतीस झाडे काही माळव्याचे पाणी धरून ठेवणार नव्हती.

नव्वदच्या दशकापासून माझ्या टेबलावर उलट दिशेचे अर्ज येऊ लागले. शेतकऱ्यांना आता बागा लावायच्या होत्या. महाराष्ट्राने १९९० साली रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड सुरू केली होती, तिची चर्चा आमच्याकडेही असे. २००५-०६ पासून राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आले आणि मग अर्जांची रीघ लागली. देशात फळांखालचे क्षेत्र १९९१-९२ साली सुमारे २९ लाख हेक्टर होते, ते पंचवीस वर्षांत ६० लाखांच्या पुढे गेले. २०१२-१३ साली फळे-भाज्या वगैरेंच्या उत्पादनाने वजनात अन्नधान्याला मागे टाकले. तक्त्यातला तो चढता रकाना असा भरला आहे, आणि त्यात माझ्या सह्यांचाही वाटा आहे.

पण प्रत्येक प्रांतात तो वेगवेगळ्या जमिनीतून भरला. हिमाचलात १९५०-५१ साली सफरचंदाखाली चारशे हेक्टर होते, आज एक लाखाच्या वर आहेत; तिथे डोंगरउतार बागेखाली आले आणि त्या प्रदेशाचे दैन्य बऱ्याच अंशी फिटले. केरळात भातखाचरांची जागा नारळ, सुपारी, रबर आणि घरांनी घेतली. १९७४-७५ साली तिथे ८ लाख ८० हजार हेक्टर भात होता, तो आज दोन लाखांच्या आसपास उरला आहे, आणि २००८ साली उरलेली भातजमीन वाचवण्यासाठी कायदा करावा लागला. तक्त्यात सफरचंदाचा हेक्टर आणि भात बुजवून लावलेल्या रबराचा हेक्टर सारखाच मोजला जातो. २०२१ साली तेलताडाची मोहीम जाहीर झाली आहे, साडेसहा लाख हेक्टर वाढवण्याची. ती जमीन कशाच्या जागी येते ते पाहायचे, एवढेच मी ठरवले आहे.

आमच्याकडे आगर आणि शाजापूर भागात संत्र्याची बाग आली. कलमे बहुतेक नागपूरकडच्या संत्र्याची, सहा मीटरवर खड्डे, हेक्टरी दोनशे सत्याहत्तर झाडे. मी पाहणीला जात असे तेव्हा ओळीच्या टोकाशी उभे राहून समोरचे टोक दिसे. आमच्या आमराईत कुठूनही पलीकडचे दिसत नसे. पाचव्या वर्षी फळ, पुढची पंधरा वर्षे चांगली, मग डिंक्या लागतो, कोळशीने पाने काळी पडतात आणि बाग उतरते. अर्जाच्या नमुन्यात ‘बागेचे आर्थिक आयुष्य’ असा एक रकाना असे. शेतकरी तिथे उत्साहाने पन्नास वर्षे लिहीत आणि मी खोडून वीस करीत असे. माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरी सांगोल्याला डाळिंब आहे, किंवा होते असे म्हणायला हवे. तेल्या रोग आला आणि दहा वर्षांसाठी लावलेली बाग चौथ्या वर्षी उपटून बांधावर पेटवली. त्या चार वर्षांत ती तक्त्यात स्थायी होती.

इथे मला माझे उत्तर सापडले असे वाटते. जी स्थायी पिके वाढली त्यांतली बरीच कर्जाच्या मुदतीत मावणारी आहेत. झाडांचे आयुष्य आपण हळूहळू पंधरा टक्क्यांच्या दराला शोभेल इतके आखूड करून घेतले. जुना आंबा दहा-दहा मीटरवर लावला की हेक्टरी शंभर झाडे बसत. सत्तरच्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने आम्रपाली ही ठेंगणी जात दिली, ती अडीच मीटरवर लावली की सोळाशे बसतात, लवकर फळ देतात, आणि उभ्याने तोडता येईल अशी छाटून ठेवता येतात. उत्पन्न कितीतरी जास्त आहे, फळ स्वच्छ आहे, आणि ज्याच्याकडे आठ बिघे आहेत त्याने दुसरे काही करावे असे सांगायचा मला अधिकार नाही. फक्त ती बाग आणि आमराई यांना एकाच नावाने हाक मारली जाते तेव्हा मला ओशाळल्यासारखे होते.

अण्णाकाका जाऊन आता अठरा वर्षे झाली. २०१९ साली माझ्या चुलतभावाच्या मुलाने सोयाबीनला कंटाळून आठ बिघ्यांत जाम लावला. आम्ही इंदूरकर मराठीतही पेरूला जामच म्हणतो. पुण्याची पाहुणी मंडळी यावर हसतात. आमराई होती ते चार बिघे त्यातच आले. फळ पाव-अर्धा किलोचे, झाडावर असतानाच प्रत्येकाला फोमची जाळी आणि पिशवी चढवलेली, त्यामुळे हिवाळ्यात बाग एखाद्या दुकानासारखी दिसते. गावात अशा पाच-सहा बागा झाल्या आहेत. त्यांतल्या दोन, खरे सांगायचे तर, फळासाठी नाहीत. नव्या वळणरस्त्याची चर्चा सुरू झाल्यावर त्या लागल्या, कारण २०१३ च्या भूसंपादन कायद्यात झाडांची किंमत तज्ज्ञांकडून वेगळी काढायची तरतूद आहे. त्याही स्थायी पिकांच्या रकान्यात जातात.

आमच्या खसऱ्यात आता पुन्हा झाडे आली. देशाच्या तक्त्याच्या नजरेने पाहिले तर त्या जागेवर स्थायी पिकांखाली जमीन वाढली आहे, आणि आकडा खोटा नाही.

एकतीसांतला एक मात्र राहिला होता. शेप्या विहिरीच्या कठड्याला इतका लगटून होता की त्याला पाडले असते तर कठडा ढासळला असता. तो एकटाच असल्यामुळे कुठल्याच कागदात नाही. गेल्या वैशाखात भाचा दोन टोपल्या कैऱ्या आणि जामाच्या बागेचा हिशेब, दोन्ही घेऊन केसरबागेला आला. बाग सहाव्या वर्षात आहे, पण वरच्या बाजूला सूत्रकृमींनी काही झाडे वाळू लागली आहेत, तर ती ओढत न्यावी की दहाव्या वर्षी काढून नवी लावावी, हे त्याला माझ्याकडून काढून हवे होते. मी दहा टक्क्यांचा दर धरला. व्याज उतरल्यामुळे तीस वर्षांनंतरचा रुपया आता पावणेसहा पैशांचा झाला आहे, हे त्याला सांगितले. त्याला त्यात विशेष काही वाटले नाही. दहावे वर्ष निघाले. मग त्याने विहिरीपासून नाल्यापर्यंतच्या बांधावर शेप्याच्या पाच कोया रुजत घालायच्या आहेत, असे सहज सांगितल्यासारखे सांगितले.

“बांधावरची झाडे रकान्यात येत नाहीत ना, आत्या?”

“येत नाहीत,” मी म्हटले.

“मग त्यांचा हिशेब नको.”

आषाढात त्याने खड्डे केले. पाचांतली तीन रोपे तग धरून आहेत आणि शेळ्यांपासून त्यांना बोरीच्या काट्यांचे कुंपण घातले आहे. त्यांतले एक खोबऱ्याच्या वारसांच्या नावाने असावे असे मी घरात सुचवले. त्यावर अजून एकमत झालेले नाही.